हरकत नोंदवण्याआधी एकदा माळवदावर चढून या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. संभाजीनगरच्या जुन्या भागात पणजोबांच्या वेळचा वाडा आहे, महापालिकेच्या वारसा यादीच्या मसुद्यात त्याचं नाव तिसऱ्या श्रेणीत आलंय आणि हरकत नोंदवायला वीस दिवस उरलेत. वडील आणि दोन्ही काका म्हणतात, नाव काढून घ्या, नाहीतर ना पाडता येईल ना विकता येईल. आईला वाडा राहावा असं वाटतं. सगळ्यात शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की माळवद, म्हणजे वरचं मातीचं सपाट छत, दोन ठिकाणी गळतं आणि मागची भिंत ‘थोडी फुगलीय’. आणि विचारलंत, ही वारसा समिती नेमकं करते काय, तिचा आम्हाला उपयोग काय.

मी वास्तुविशारद आहे. पंचवीसेक वर्षं जुन्या घरांचीच कामं करते, त्यातली सहा वर्षं मराठवाड्यातल्या एका शहराच्या वारसा समितीवर होते. तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. हरकतीचं काय करायचं ते वीस दिवसांत ठरवता येईल, पण भिंत वीस दिवस थांबेल की नाही ते मला इथे बसून सांगता येत नाही. म्हणून आधी भिंतीचं बोलते.

आपल्याकडच्या वाड्याची भिंत बाहेरून तीन फुटी दगडी दिसते, पण ती एकसंध नसते. बाहेरून घडीव दगडाचा एक पदर, आतून ओबडधोबड दगडाचा दुसरा, आणि मधे माती-कपच्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले असतील तर भिंत शंभर वर्षं हलत नाही. ते नसतील आणि वरून पाणी मुरत राहिलं, तर मधली माती भिजून खाली बसते आणि बाहेरचा पदर सुटून पुढे येतो. भिंतीला पोट आलंय, असं गवंडी म्हणतात ते हेच. असं पोट प्लास्टरनं बुजवता येत नाही.

तुमच्या वडिलांच्या मनात जी भीती आहे ती मला ठाऊक आहे, कारण मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात ती आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि बहुतेक जण अशाच जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि छतावरच्या मातीखाली गेली. तेव्हापासून ‘दगडाचं घर नको’ हे आपल्या भागात घराघरांत ठरून गेलं. ती भीती खरी आहे, मी ती कधीच हलक्यानं घेत नाही. पण पडलेली घरं ज्यांनी जवळून तपासली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. जिथे सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा धड होता, अशा खणाच्या (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा) घरांत अनेक ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि सांगाडा जागेवर उभा राहिला. त्यानंतर घरं मजबूत करण्याचं जे सरकारी काम झालं त्यातले उपाय आजही तेच आहेत: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध घालणं, भिंतींना वरून सलग पट्टा बांधणं, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार देणं, आणि छतावरची माती कमी करणं.

मातीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेक वाडे इथेच मार खातात. माळवद म्हणजे तुळया, त्यावर कड्या, त्यावर किलच्या किंवा फळ्या, वर पाला, चिखल आणि शेवटी पांढरी माती. पूर्वी दर उन्हाळ्यात पावसाआधी पांढऱ्या मातीचा एक पातळ हात फिरवायचे. जुना थर कुणी काढत नसे, नवा वर चढत जाई. साठ-सत्तर वर्षांत चार-सहा बोटांची माती फूट-दीड फूट होते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार ते पाच टन वजन, तेही कोरडी असताना. भिजली की आणखी. मी ज्या घरी जाते तिथे आधी ओसरीवर चहा येतो, आणि मी म्हणते, चहा नंतर, आधी वर जाऊ. पन्हळीच्या तोंडाशी पिंपळाचं रोप उगवलेलं असतं, पाणी तिथून बाहेर पडायचं ते मागे फिरतं, भिंतीच्या माथ्यावर साचतं आणि आत मुरतं. खाली बरोबर त्याच जागी भिंतीला पोट आलेलं असतं. तुमच्याकडेही गळतीची एक जागा आणि फुगलेली भिंत एकाच उभ्या रेषेत सापडेल, असा माझा अंदाज आहे. बघा आणि सांगा.

तेव्हा या आठवड्यात करायचं ते एवढंच. पन्हळी मोकळ्या करा. फुगलेल्या भागाशेजारच्या खोलीत कुणालाही, विशेषतः लेकरांना, झोपू देऊ नका. ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडून भिंत किती बाहेर आलीय ते मोजा आणि भिंतीवरच पेन्सिलीनं तारीख घालून लिहा. भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय, शाबूत राहिली तर थांबलीय. तुळयांची टोकं जिथे भिंतीत गेलीत तिथे हातोडीनं ठोकून आवाज ऐका. धड लाकूड ठणठणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं, आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत शिरला तर त्या तुळईखाली त्याच दिवशी टेकू लावा. सिमेंटचं पोतं मात्र घरात आणू नका. दगडमातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतला ओलावा आतच कोंडतो, दोन पावसाळ्यांत भिंत आतून पिठासारखी होते.

आता यादीकडे येते.

यादीत नाव आल्यानं मालकी बदलत नाही. वाडा तुमचाच राहतो. राहता येतं, भाड्यानं देता येतो, विकताही येतो. फक्त विकत घेणाऱ्याला त्या अटी सोबत मिळतात, आणि ज्याला जागा फक्त पाडून बांधायलाच हवी आहे तो कमी भाव देईल, हे मी लपवणार नाही. बदलतं ते असं, की पाडकाम, बांधकाम, मोठी दुरुस्ती, अगदी दर्शनी बाजूची रंगरंगोटीसुद्धा आयुक्तांच्या लेखी परवानगीनंतर करायची. समिती फक्त सल्ला देते, सही आयुक्तांची असते. हा फरक लोकांना माहीत नसतो आणि सगळा राग समितीवर निघतो.

श्रेण्यांची पद्धत मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतून आली आणि राज्यभर थोड्याफार फरकानं तीच चालते. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, तिथे हात लावण्याची मुभा जवळजवळ नाहीच. दुसरीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या, तिथे आतले बदल तपासून मंजूर होतात. तिसरीत अशी घरं, जी एकटी मोठी नसतात पण गल्लीचं रूप त्यांच्यामुळे टिकतं. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल आणि नवा वापर साधारणपणे मान्य होतो. अगदीच गत्यंतर नसेल तर पुनर्बांधणीचाही विचार होतो. म्हणजे मागे आधुनिक न्हाणीघर आणि संडास, वर नीट जलरोधक छत, पुढच्या दोन खोल्यांत दुकान किंवा कार्यालय, हे सगळं तिसऱ्या श्रेणीत बसतं. ‘एक वीट हलवता येणार नाही’ हे कुणीतरी काकांना पहिल्या श्रेणीचं सांगितलंय.

फायद्याच्या दोन गोष्टी नियमावलीतच असतात आणि कुणी सांगत नाही. एक, वाड्यावरून रस्तारुंदीकरणाची रेषा जात असेल तर वारसा वास्तूला धक्का लागणार नाही अशा रीतीनं ती बदलण्याची तरतूद असते. आपल्या जुन्या शहरात रुंदीकरणात किती दर्शनी भाग गेले ते तुम्ही पाहिलंय, तेव्हा हे छोटं संरक्षण नाही. दोन, वास्तू जपल्यामुळे जी वाढीव बांधणी करता येत नाही तिच्या बदल्यात विकास हक्क हस्तांतरित करता येतात, म्हणजे ती बांधणी दुसऱ्या जागेसाठी विकता येते. ते प्रत्यक्षात किती मिळतील, त्यांना भाव किती येईल, हे तुमच्या प्लॉटवर आणि त्या वेळच्या बाजारावर आहे. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका. समितीकडे मालकाच्या हातात द्यायला पैसा नसतो, आणि तिच्या कामातली सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते. घर जपायला सांगायचं आणि खर्च त्याच्यावर टाकायचा, हे बरोबर नाही. मी समितीवर असताना घरपट्टीत सवलत मागत राहिले, आजही मागते.

काही गोष्टी मात्र पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर आहेत. वाडा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत आहे का, हे आधी मोजून घ्या. असेल तर प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर नियम वेगळेच आहेत. त्या शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण, तेही परवानगीनं. म्हणजे रागाच्या भरात वाडा पाडलात तर त्या जागेवर तीन मजली सोडा, एक खोलीही उभी राहणार नाही. पुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी काढून बांधता येतं. दुसरं, वाटण्या झाल्यात का? मिळकत पत्रिकेवर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) अजून आजोबांचंच नाव असेल, तर तुम्हाला अडवणारी गोष्ट ती आहे, यादी त्यानंतर. तिसरं, भाडेकरू. जुना भाडेकरू असेल तर पाडकामाची घाई कुणाच्या फायद्याची आहे, हे वकिलाकडून समजून घ्या.

समिती काय करते, या प्रश्नाला मी एका वाड्याची गोष्ट सांगून उत्तर देते.

आमच्या समितीच्या पहिल्या वर्षी चार भावांचा एक वाडा यादीत घ्यायचा होता. दुसरी श्रेणी द्यायची की तिसरी यावर आम्ही तीन बैठका घातल्या. दोन बैठकांमधे महिना-दीड महिना जायचा. तेवढ्यात जुन्या सागवानाचा एक व्यापारी तिथे पोहोचला. असे लोक कसे येतात हे मी नंतर पाहिलंय. चौकात शिरल्यावर खांबाला कवेत घेऊन जाडी बघायची, रंगाचा पापुद्रा नखानं खरवडायचा, महिरप बोटांनी मोजायची आणि खिशातून इसाराची रक्कम काढून ओसरीवर ठेवायची. आम्ही ठराव घेऊन गेलो तेव्हा चौकात सोळा तळखडे उरले होते. खांब नाहीत, तुळया नाहीत, फक्त काळ्या दगडाचे ते सोळा चौरंग, रांगेत. थोरल्या भावानं मला विचारलं, “ताई, तुम्ही आधी का नाही आलात? आम्हाला कुणी सांगितलंच नाही की याची दुरुस्ती होते.” त्या घरात धोका होता, कर्ज होतं, मुलीचं लग्न होतं. आणि आम्ही श्रेणीवर वाद घालत होतो.

त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी घरी जायचं, मग यादी. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन वाडे मोजले. टेप, ओळंबा, वही, आणि दुपारच्या वेळी त्या घरची भाकरी. मोजणीच्या नकाशाची एक प्रत मालकाला फुकट द्यायची, हा नियम मी आग्रहानं लावला, आणि सहा वर्षांत आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगी काम मला तेच वाटतं. अनेक घरांत पहिल्यांदाच आपल्या वाड्याचा नकाशा हातात आला. तो वाटणीला उपयोगी पडला, बँकेत उपयोगी पडला. आणि पावसाळ्याआधी महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीच्या नोटिसा निघतात तेव्हा तर फार उपयोगी पडला. ती नोटीस आली की घाबरून लोक सगळं पाडतात. पण नोटिशीला उत्तर देता येतं: बांधकाम अभियंत्याचा अहवाल, नकाशावर दाखवलेला धोक्याचा नेमका भाग, तिथे लावलेले टेकू आणि दुरुस्तीचं वेळापत्रक. बहुतेकदा दहा खणांतले दोन खण धोक्याचे असतात. दोन खणांसाठी दहा खण पाडायचे नसतात.

गवंडी तयार करणं हे समितीचं दुसरं काम, आणि ते कागदावर सगळ्यात कमी दिसतं. चुन्याचं काम येणारे हात आपल्याकडे कमी झालेत. कळीचा चुना हौदात विझवायचा, किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा, लोण्यासारखा झाला की वाळू आणि विटेची सुरखी घालून चुना मळायच्या दगडी घाणीत मळायचा, बेलफळाचं किंवा गुळाचं पाणी द्यायचं. गिलावा केल्यावर गोणपाट ओलं ठेवायचं. सिमेंट दुसऱ्या दिवशी कडक होतं, चुना महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो, आणि ठेकेदाराला तेवढा धीर नसतो. आम्ही पाच-पाच दिवसांची शिबिरं घेतली, प्रत्यक्ष एका पडीक देवडीच्या भिंतीवर. शिकलेल्यांपैकी दोघे आज माझ्याकडे काम करतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यातला एक म्हणाला, “आमचा आजा ताग घालायचा.” हे ज्ञान आपल्याच गल्लीत होतं.

वारसा फेऱ्या, पाट्या, शाळांमधली भाषणं हेही समिती करते. फेऱ्या मला आवडतात, पण १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाला मराठवाड्याच्या उन्हात लोकांना फिरवण्यापेक्षा नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात फिरवावं, असं माझं कायमचं म्हणणं आहे. आणि फेरी फक्त दरवाजांपाशी थांबू नये. १६१२ मध्ये मलिक अंबरनं बांधलेला भडकल दरवाजा सगळे बघतात. पण ‘बावन्न दरवाजांचं शहर’ हे दरवाजांच्या आतल्या गल्ल्यांमुळे शहर होतं. वेस उभी आणि आतली घरं गेलेली, असं गाव काय कामाचं? तुमचा वाडा तिसऱ्या श्रेणीत घेतलाय तो याच कारणानं.

एक गोष्ट तुमच्याकडे जाऊन बघावीशी वाटते. चौकात कोरडा हौद किंवा भिंतीत मातीच्या खापरी नळाचं तोंड आहे का? जुन्या शहरात डोंगराकडून येणाऱ्या नहरींचं पाणी खेळवलेलं होतं, मलिक अंबरच्या काळातली नहर-ए-अंबरी त्यातलीच. अनेक घरांत तिच्या खुणा फरशीखाली गेल्यात. असेल तर बुजवू नका आणि समितीला दाखवा. अशा एका खुणेनं नोंदीचं वजन वाढतं, आणि त्या पाण्याचा मार्ग कळला तर भिंतीच्या ओलाव्याचं एखादं कारणही तिथेच सापडू शकतं.

आता हरकतीचं. माझं मत विचाराल तर नाव काढा अशी हरकत नोंदवू नका. पण गप्पही बसू नका. मुदतीच्या आत लेखी सूचना द्या. तिच्यात लिहा की वास्तू तिसऱ्या श्रेणीत राहण्यास आमची हरकत नाही, मात्र मागचा भाग नंतरच्या काळात वाढवलेला असेल तर तो नोंदीतून वगळावा. जपण्याचे घटक नावानिशी लिहावेत, म्हणजे दिंडी दरवाजा, दर्शनी भिंत, चौकाचे खांब, देवघराची महिरप, जे खरोखर आहे ते. धोकादायक भिंतीची दुरुस्ती तातडीनं करायची परवानगी सोबतच मागावी. फोटो जोडा. पोच घ्या. सुनावणीला स्वतः जा, आणि शक्य असेल तर काकांना सोबत न्या. समितीतल्या अभियंत्यानं समोर बसून सांगितलं की अमुक करता येईल, तर ते काकांना पटण्याची शक्यता माझ्या या लिहिण्यापेक्षा जास्त आहे.

आणि घरात निर्णय होत नसेल तर दोन अंदाजपत्रकं काढा: एक पाडून बांधण्याचं, एक दुरुस्तीचं. पहिल्यात पाडकाम, राडारोडा उचलणं, पार्किंगसाठी सोडावी लागणारी जागा, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मिळणारा चटई निर्देशांक (प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते प्रमाण) आणि दोन वर्षांचं बाहेरचं भाडं धरा. अरुंद गल्लीत तीन मजले मिळतीलच असं नाही, हे पुष्कळांना नकाशा टाकल्यावर कळतं. माझ्या कामात असंही झालंय की हिशोब मांडल्यावर दुरुस्ती महाग निघाली आणि मी स्वतः मालकाला म्हटलं, दर्शनी पाच खण ठेवा, मागचं नवं बांधा. तुमच्याकडे काय निघेल ते वाडा बघितल्याशिवाय सांगणार नाही.

उद्या सकाळी ऊन चढण्याआधी माळवदावर जा. पन्हळीचा, भिंतीच्या माथ्याचा आणि खालून फुगलेल्या भागाचा, असे तीन फोटो काढा, आणि ओळंब्यानं मोजलेलं अंतर इंचांत लिहून टाका. दोन इंचांच्या वर असेल तर उत्तराची वाट न बघता टेकू आधी लावा.